घुगरीची कडी

मी जिवंत आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात ही गोष्ट रोज सकाळी तपासली जाते. माझी आई, जिला आम्ही बंजारा लोक याडी म्हणतो, उजाडलं की माझ्या बाजेपाशी येते, पायाच्या अंगठ्याला हात लावते आणि तो गरम लागला की चहा ठेवायला जाते. मी देविदास, वय चव्वेचाळीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंतचं विज्ञान शिकवतो. करणी, भानामती, मांजर आडवं जाणं यांवर वर्गात इतकं बोलतो की पोरांना कंटाळा येतो. आणि घरी रोज सकाळी आईला तपासता यावा म्हणून अंगठा पांघरुणाबाहेर काढून पडून राहतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे माझ्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं.

मिरा माझी बायको. आमचा तांडा डोंगरकडा गावाहून आत, दोन किलोमीटरवर. तिथं लग्न करून आली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि आठवडाभरात तिनं तांड्यावरच्या प्रत्येकाची नक्कल बसवली. ग्रामसेवक कसा सही करतो, कंडक्टर सुट्ट्यांवरून कसा भांडतो, तांड्याचा नाईक पान खाऊन न्याय कसा देतो, सगळं. बाया कामं टाकून बघायला यायच्या. तिची सगळ्यात गाजलेली नक्कल माझीच होती. लाटणं हातात धरायचं, पोट पुढं काढायचं, चष्मा नसताना चष्मा सारखा करायचा आणि म्हणायचं, "तर मुलांनो, चुंबक लोखंडाला ओढतं. सोन्याचांदीला ओढत नाही." मला राग यायचा. खरं म्हणजे राग आल्यासारखं करायचो, कारण मी चिडलो की ती आणखी रंगात यायची.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या साली आमची निलम झाली. त्यानंतर आठ वर्षं सगळं ठीक होतं. मग दोन हजार सातच्या दिवाळीनंतर मिराला काहीतरी झालं. काय झालं, ते अजून मला सांगता येत नाही. कुणी मेलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. आधी तिला धास्ती लागली. दाराची कडी वाजली की छातीवर हात ठेवून बसायची. निलम शाळेला निघाली की तिची बाही धरून ठेवायची, सोडायचीच नाही. मग धास्तीही गेली आणि काहीच उरलं नाही. चुलीपुढं बसायची, तवा तापून लाल व्हायचा, भाकरी परातीतच. नकला बंद. भांडणं बंद. मीठ विसरायची, आणि अळणी खाताना तिला स्वतःलाही कळायचं नाही.

"कसं वाटतंय?" असं मी रोज विचारायचो. एकदाच तिनं धड उत्तर दिलं. घरात आम्ही गोरबोली बोलतो. ती सगळ्यांना कळायची नाही, म्हणून इथं आमचं बोलणं डोंगरकड्याच्या मराठीत लिहितो. ती म्हणाली, "अंगावर जाड गोधडी टाकल्यावानी हाय. तुमी बोलता ते गोधडीच्या भायेरून येतंय. निलम गळ्यात पडती, ते बी गोधडीवरच पडती. मला काहीच लागंना."

भगताकडे नेलं, हे कबूल करतो. याडीनं नेलं आणि मी अडवलं नाही. मग हिंगोलीला नेलं, मग नांदेडला. दीड वर्ष गोळ्या झाल्या. एकीनं झोपून राहायची, दुसरीनं तोंड कोरडं पडायचं, तिसरीनं हात थरथरायचे. गोधडी काही निघाली नाही. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती विहिरीच्या कठड्यापाशी उभी असलेली निलमला दिसली. दहा वर्षांच्या पोरीनं आईचा हात धरून तिला घरी आणलं. मी विचारलं तेव्हा मिरा म्हणाली, पाणी आणायला गेले होते. घागर घरीच होती.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडच्या डॉक्टरांपुढं जाऊन बसलो आणि म्हणालो, साहेब, आता काहीतरी करा. ते म्हणाले, एक नवा उपाय आहे. हैदराबादहून एक मशीन तीन महिन्यांसाठी आणलंय. डोक्याला बाहेरून लावायचं. आठवड्यात पाच दिवस, असे चार आठवडे. मी विचारलं, शॉक का? तांड्यावर शॉकची भीती फार. डॉक्टर म्हणाले, "शॉक नाही सर. चुंबक आहे. बाई जागी राहते, बोलते, घरी जाते. मेंदूचा जो भाग झोपलाय त्याला बाहेरून टिचक्या मारायच्या, असं समजा."

चुंबक म्हटल्यावर मला एकदम धीर आला. आयुष्यभर जे शिकवलं तेच बायकोला वाचवणार, असा काहीतरी मूर्ख अभिमानही वाटला. डॉक्टरांनी एकच अट घातली, गळ्याच्या वर धातूचा कणही नको.

पहिला सोमवार. मशीनच्या खोलीत आकांक्षा नावाची एक तरुण बाई होती. तीच मशीन चालवायची. तिनं स्टीलचा ट्रे पुढं केला आणि म्हणाली, "ताई, कानातलं, नाकातलं, केसातलं, सगळं यात."

इथं घुगरीचं सांगायला हवं. आमच्यात लग्न झालेल्या बाईच्या दोन्ही कानशिलांवर, बारीक वेण्यांना चांदीच्या घुगऱ्या लटकतात. तुमच्यात मंगळसूत्र, तशी आमच्यात घुगरी. नवरा मेला की उतरवतात, तोवर नाही. मिराच्या पिढीत फेटिया-कांचळी, म्हणजे आमची घागरा-चोळी, जाऊन साडी आली, पण घुगरी राहिली. बाळंतपणातही तिनं ती काढली नव्हती; सुईण ओरडत होती तरी नाही. मला वाटलं, आता इथं ही अडून बसणार. समजूत घालायची दोन-चार वाक्यं मी तयार ठेवली होती.

मिरानं दोन्ही घुगऱ्या सोडल्या आणि ट्रेमध्ये टाकल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. डोक्यावरचा भारा उतरवावा तशा उतरवल्या. स्टीलवर त्या वाजल्या.

तो आवाज मी आधी एकदा ऐकला होता. मी अकरा वर्षांचा होतो. माझा बाप बैलगाडीतून उतरताना छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. त्रेचाळीस वर्षांचा होता. संध्याकाळी बायांनी याडीच्या घुगऱ्या सोडून पितळी ताटात टाकल्या. मिरा मशीनखाली बसली त्या दिवशी मी बेचाळीस वर्षांचा होतो.

मशीनचं तसं काही भेसूर नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडे असते तशी खुर्ची, आणि आठच्या आकड्यासारखा एक चपटा काळा तुकडा, तो कपाळाच्या वर डाव्या बाजूला टेकवायचा. मग टक टक टक टक, मग थोडा वेळ शांत, मग पुन्हा. सुतारपक्षी जसा. अर्ध्या तासात झालं. मिरा उठली, घुगऱ्या मी रुमालात बांधून खिशात ठेवल्या, आणि आम्ही अर्धापूरमार्गे बसनं परत आलो. रोज काढायच्या, रोज घालायच्या, त्यापेक्षा महिनाभर राहू देत खिशात, असा मी हिशेब केला. मास्तर माणूस, सोयीचं तेवढं बघितलं.

याडीनं दारातच मिराचं मोकळं कानशील बघितलं. ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. जेवायला बोलावलं तर म्हणाली, "ज्याच्या बायकूच्या डोक्याला चांदी न्हाई, त्याच्या घरचं मी काय खाऊ? माझ्यासमोर पोरगं बसलंय का त्याचं मढं, ते आधी सांगा."

"याडी, दवाखान्याचं काम हाय ते. महिनाभराचा प्रश्न हाय."

"तुझा बाप एका घटकेत गेला. महिना लई झाला."

मी खूप समजावलं. शेवटी तिनं हट्ट थोडा सैल केला. दोन्ही घुगऱ्या नकोत, एकसुद्धा नको, पण घुगरी ज्यात अडकवतात ती बारीक कडी तेवढी केसात राहू दे. करंगळीत जाणार नाही एवढी. म्हणजे डोकं उघडं नाही, असं देवाला सांगता येतं. मी म्हणालो, धातू चालत नाही, चुंबकाचं काम आहे.

याडी माझ्याकडे वळली. "चांदीला चुंबक वढत न्हाई म्हन्तोस ना शाळंत? मिरा सांगायची की नक्कल करून. सोन्याचांदीला वढत न्हाई. का ते बी खोटंच हाय?"

ते खोटं नव्हतं. शाळेच्या साहित्यपेटीतला नालाचा चुंबक माझ्या पिशवीतच होता. मी तो काढला, स्वयंपाकघरात जमिनीवर एक खिळा ठेवला आणि शेजारी कडी. खिळा उडून चिकटला. कडी हलली नाही. चुंबक वरून फिरवला, टेकवला, घासला. चांदीला त्याचं काही पडलेलं नव्हतं. निलम, याडी, मी, तिघंही वाकून बघत होतो. मिरा भिंतीला टेकून बसली होती.

मी आईला पटवायला गेलो आणि स्वतःच पटून बसलो. आता आईच्या माथी मारायला सोपं आहे. अडाणी म्हातारी, तिनं हट्ट धरला. पण ते लबाडीचं होईल. त्या ट्रेचा आवाज माझ्या कानातून गेला नव्हता. बापाचं वय गाठायला मला सात महिने उरले होते. मी घाबरलो होतो, आणि माझ्या भीतीला विज्ञानाचा दाखला मिळाला होता. डॉक्टरांना एक फोन करून विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण ते नको म्हणाले असते.

याडीनं मिराच्या डाव्या कानशिलावरची वेणी वर, कपाळाच्या अंगाला, अगदी मुळापासून नव्यानं घातली, म्हणजे कडी केसांत दडेल. कडी मी माझ्या हातानं ओवली. वरून कापराचं तेल चोपडलं, केस चापून बसवले; मग रोज निघण्याआधी तेच. दिसायला काही नाही.

"ही राहू द्यायची?" मिरानं विचारलं.

"व्हय. तिथं कुनाला सांगू नको."

"न्हाई सांगत," ती म्हणाली.

मंगळवारी आकांक्षानं ट्रे पुढं केला. "काही राहिलं का?"

"काही नाही," मी म्हणालो. तिनं कान बघितले, मान बघितली, मागचा अंबाडा चाचपला. मग रोजच ती विचारायची आणि रोजच मी सांगायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिनं चाचपणंही सोडलं. सर सांगतात म्हटल्यावर काय तपासायचं. माझ्या चेहऱ्यावर खडूची धूळ असते. लोक विश्वास ठेवतात.

गुरुवारी मी खोलीबाहेर उभा राहून काचेतून बघत होतो. मशीन टकटकलं आणि मिराचा डावा डोळा बारीक झाला. दोन वर्षांत तिच्या चेहऱ्यावर एवढीही हालचाल मी बघितली नव्हती. ती बाहेर आल्यावर मी आकांक्षाला सांगितलं. ती म्हणाली, सुरुवातीला टोचल्यासारखं होतं, होईल सवय. शुक्रवारी मिराच्या डोळ्यातून पाणी आलं. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आनंद झाला. दगडाला पाझर फुटला असं मी मुख्याध्यापक तातेरावांना फोन करून सांगितलं.

रविवारी याडी तिच्या वेण्या सोडून न्हाऊ घालायला गेली, तर मिरानं डोकं मागं घेतलं. "राहू द्या. फुडल्या आइतवारी." दोन वर्षांत तिनं कशाला नको म्हटलं नव्हतं. नको म्हणण्याइतकी ती माणसात आली, असं आम्ही धरलं.

दुसऱ्या आठवड्यात तर काय विचारता. सोमवारी मी उठलो तर मिरा साडी बदलून, चप्पल घालून ओट्यावर बसलेली. बसला दीड तास वेळ होता. मंगळवारी डाळीत मीठ होतं, जरा जास्तच होतं, आणि मी दोन वाट्या प्यायलो. बुधवारी परत येताना वारंगा फाट्याची बस होती, खिडकीशी ती, शेजारी मी. बाहेर केळीच्या बागा. ती बाहेर बघत होती आणि अचानक हळूच म्हणाली, "तर मुलांनो."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं चष्मा नसताना चष्मा सारखा केला. पुढचं काही म्हणाली नाही, हात परत मांडीवर ठेवला. पण केलं. मी तोंड दुसरीकडे वळवलं आणि समोरच्या सीटवरचा म्हातारा विचारू लागला, काहून रडून राहिले सर? मी म्हणालो, डोळ्यात काहीतरी गेलंय.

त्या शुक्रवारी डॉक्टरांनी तिला कागदावरचे प्रश्न विचारले, झोप, भूक, मन, मरणाचे विचार. बेरीज केली आणि माझ्याशी हात मिळवला. "छान चाललंय. सोमवारपासून जोर थोडा वाढवू."

त्या रविवारीही मिरानं वेण्या सोडू दिल्या नाहीत. सोमवारी जोर वाढवला. मिरानं खुर्चीचे हात घट्ट धरले. मंगळवारी आकांक्षानं मध्येच मशीन बंद केलं आणि नाक वर करून वास घेतला. "काहीतरी जळतंय." तिनं मशीनची वायर बघितली, प्लग बघितला. मग ती मिराजवळ आली, वाकली, आणि तिच्या कानशिलावरचे केस बोटांनी बाजूला केले.

मी काचेच्या बाहेर होतो. आकांक्षानं तोंडावर हात ठेवला आणि डॉक्टरांना बोलवायला धावली.

कडी कातडीत रुतली होती. भोवतालचे केस मुळापासून जळाले होते. जखम त्या दिवसाची नव्हती; खाली जुनी होती, वर नवी होती, पू धरला होता. कापराच्या वासात कुणाला काही कळलं नव्हतं. डॉक्टरांनी चिमट्यानं कडी काढली तेव्हा मिरा हललीही नाही. कडी ट्रेमध्ये पडली. तसाच आवाज.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. कडी कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. "सर, मी सांगितलं होतं."

"चुंबक चांदीला ओढत नाही म्हणून..." मी म्हणालो. वाक्य पुरं करायची लाज वाटली.

"ओढत नाही. पण हा तुमच्या पेटीतला चुंबक नाही. हा एका सेकंदात कितीदा तरी लागतो आणि विझतो. असं झालं की जवळच्या चांदीत वीज खेळते. चांदी तापते. आणि कडीसारखी गोल असली तर फारच." मग ते मिराकडे वळले. "बाई, रोज भाजत होतं. एकदा तरी सांगायचं."

मिरा खुर्चीतून उठली नाही.

जखम भरेपर्यंत मशीन लावता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दोन महिने तरी. दोन महिन्यांत मशीन हैदराबादला परत जाणार होतं. मी म्हणालो, हैदराबादला घेऊन जातो. ते म्हणाले, न्या. पण तिथले डॉक्टर हा डाग बघतील आणि मी लिहिलेले कागद वाचतील. आणि आता ती जागाच खराब झाली आहे, मशीन नेमकं तिथंच टेकवायचं असतं. इतकी सुधारणा झाली ती टिकेल का, असं विचारलं तर म्हणाले, बारा दिवसांत काही सांगता येत नाही. काही जणांची टिकते.

परतीच्या बसमध्ये तिच्या डोक्याला पट्टी होती. अर्धापूर मागं पडलं. मग विचारलं, "मिरा, काहून सांगितलं न्हाईस? मी सांगू नको म्हनलो म्हनून?"

"न्हाई."

"माझ्या जिवाला काही व्हईल म्हनून?"

तिनं मान हलवली. तेही नाही. माझ्या जिवाचा तिनं विचारच केला नव्हता, हे मला त्या मान हलवण्यात कळलं, आणि ते मला लागलं. अशा वेळीसुद्धा लागलं.

"मग?"

"तितकंच कळत व्हतं मला," ती म्हणाली. "दोन वर्सं काहीच कळत नव्हतं. तिथं बसलं की भाजायचं. मला वाटलं, गोधडी जळून राहिली. आता व्हईल भोक." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

मी सांगितलं, उद्या नाही. तिनं परत विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडता ती साडी बदलून, चप्पल घालून ओट्यावर बसली होती. तिसऱ्या दिवशीही. याडी तिला हाताला धरून आत न्यायची आणि ती दहा मिनिटांनी परत येऊन बसायची. दोन वर्षांत तिला पहिल्यांदा काहीतरी हवं झालं होतं. सतरा दिवस ती तशी बसली, मी मोजले. अठराव्या दिवशी बसली नाही. त्या आठवड्यात डाळ परत अळणी झाली.

बारा दिवसांत जे आलं होतं ते मशीननं आणलं की कडीनं, हे मला कधीच कळणार नाही. मशीननं आणलं असेल, तर मी ते अर्ध्यातून तोडलं. कडीनं आणलं असेल, तर बायकोला भाजताना मी काचेतून बघून खूश होत होतो. कसंही धरलं तरी मी तोच माणूस. हैदराबादला मी दोनदा जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरांनी कागद वाचले, डाग बघितला आणि नव्या गोळ्या लिहून दिल्या.

जखम भरली. तिथं आठ आण्याएवढा गुळगुळीत चट्टा राहिला, केस काही उगवले नाहीत. म्हणजे डाव्या बाजूला आता वेणीच येत नाही, आणि घुगरी लटकवायला जागा नाही. याडीनं मिराला उजवीकडची एकटी घुगरी महिनाभर घातली, मग तीही काढून डब्यात ठेवली. एकीचं चांगलं नसतं म्हणे. मी त्रेचाळिसावं ओलांडलं त्या दिवशी तिनं तांड्यावर गूळ वाटला. भेटेल त्याला सांगत होती, "कडीनं राखलं पोराला. सुनंचं डोकं भाजलं, पर पोरगं राखलं." मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. नंतर वाटलं, म्हातारीनं निदान उघड सांगितलं. मी तो गूळ खाल्ला.

तरी ती अंगठा तपासायची थांबली नाही. सुनेच्या डोक्याला घुगरी नाही, त्यामुळे तिचा अजून भरवसा नाही.

परवा रविवार होता. दुपारी मी अंगणात वह्या तपासत होतो. मिरा येऊन शेजारी बसली. हल्ली ती आपणहून येत नाही, म्हणून मी पेन खाली ठेवला. तिनं माझा हात धरला, अंगठा निवडून घेतला आणि कानशिलावरच्या त्या चट्ट्यावर ठेवला.

"दाबा," ती म्हणाली.

मी हळूच दाबलं.

"दाबा की."

मी जोर केला. चट्ट्याखालचं हाड मला लागत होतं. "कळतंय का?" मी विचारलं.

ती लक्ष देऊन वाट बघत होती, डोळे मिटून, खुर्चीत बसायची तशीच. मग म्हणाली, "न्हाई. आजून दाबा."

निलम दारात येऊन उभी राहिली होती. मी दाबत राहिलो. माझं नख पांढरं पडलं, अंगठा दुखायला लागला, आणि मिरा म्हणत होती, अजून.